कारणाचा रकाना

एकसष्ट बोलावल्याशिवाय आली, असं आमच्याकडे पहिल्यांदाच घडत होतं. मुलं आमच्याकडे वर्षातून एकदा येतात, आईवडिलांचा हात धरून किंवा त्यांच्या दहा पावलं पुढे, ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे. ही बुधवारी दुपारी साडेतीनला एकटीच आली. शाळेचा गणवेश, एका पायातला मोजा घसरलेला, दप्तर पोटाशी. दप्तरातून एक कागद काढून तिने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि वर तळहात आपटला.

"हे कुणी लिहिलं?"

कागद मी लांबूनच ओळखला होता. "ही पत्रं संगणक पाठवतो," मी म्हणाले.

"आणि संगणकाला कोण सांगतं?"

याचं खरं उत्तर एकच होतं. "मी."

"तुम्ही?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं होतं ती मोठी मॅडम असेल. तुम्ही दिसायला तशा वाटत नाही."

पहिल्या वर्षी मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपण्याआधी बटणं कशी धरायची हे मी तिला शिकवलं होतं, तेव्हापासून ती मला बटणताई म्हणते. तिचं नाव मला माहीत आहे, पण आमच्या कागदांवर मुलांना फक्त क्रमांक असतात, आणि तिला ते आवडतं. गेल्या वर्षी शाळेत मूळ संख्या शिकली तेव्हा मला मुद्दाम सांगितलं होतं, "एकसष्टला कशानेच भाग जात नाही. शेजारचा साठ बघा, कुणीही यावं आणि भागून जावं."

आमचा अभ्यास असा आहे. नऊ ते चौदा या वयात मूल स्वतःबद्दल जे मत बनवतं ते कसं बदलत जातं, आणि त्या वेळी मेंदूत काय चालू असतं, हे आम्ही पाहतो. एकशे वीस मुलं, दरवर्षी तीच. प्रत्येक मूल अर्धा तास यंत्रात पडून राहतं. कानाशी ठकठक चालू असताना समोर वाक्यं दिसतात. मी मेहनती आहे. मला लवकर राग येतो. हो किंवा नाही, दोन बटणं. मग बाहेर येऊन टॅबवर साठ वाक्यांची प्रश्नावली. शेवटी बिस्किटं, आणि महिन्याभराने घरी त्यांच्या मेंदूचं एक छायाचित्र.

एकसष्टच्या घरी या वर्षी छायाचित्र गेलं नव्हतं. पत्र गेलं होतं. "आपल्या पाल्याने प्रश्नावली निष्काळजीपणे भरल्याचे आढळून आल्यामुळे या वर्षीची नोंद वगळण्यात येत आहे." एवढंच, आणि खाली आमच्या विभागाचा शिक्का.

"बस," मी म्हणाले.

"मी उभीच बरी आहे. आई काय म्हणाली माहितीय? म्हणाली, दरवर्षी एक रजा खर्च करून मी तुला तिथे नेते आणि तू तिथे जाऊन टिवल्याबावल्या करतेस. मी म्हटलं, मी नीट भरली. तर म्हणे, ती काय तुझ्यासारखी पोरं आहेत खोटं बोलायला? शिकलेली माणसं आहेत."

"मग?"

"मग काय! आता रोज तेच. पाण्याची बाटली शाळेत राहिली की, बघ, त्यांनी लिहिलंच आहे. पंखा चालू राहिला की, बघ. काल तर मावशीला फोनवर सांगत होती, अगं, हिचं डोकं यंत्रात घालून पाहिलंय त्यांनी, निष्काळजी निघालं." तिचा आवाज इथे चिरकला आणि ते तिला आवडलं नाही. तिने घसा खाकरला. "यंत्रात ते दिसतं का, ताई?"

"नाही. यंत्रात असलं काही दिसत नाही."

"मग हे आईला सांगा."

सांगायला मला तसाही फोन करावा लागणार होता. मूल एकटं आलं तर पालकांना ताबडतोब कळवायचं हा आमचा नियम आहे. मी फोन उचलला तेव्हा ती ओरडली, "चुगली!"

"नियम आहे."

"तुमच्याकडे नियमांचं दुकानच आहे."

तिची आई लिफ्ट दुरुस्त करते. फोनमध्ये तिच्यामागे साखळ्यांचा खडखडाट ऐकू येत होता. मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे हे ऐकल्यावर ती म्हणाली, "तिला तिथेच धरून ठेवा. मी येते." याचा अर्थ काय होतो हे एकसष्टला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" तिने विचारलं.

"चाळीस मिनिटं म्हणाली."

"मग माझी उत्तरं दाखवा."

स्वतःची उत्तरं पाहण्याचा तिला हक्क होता. चार वर्षांत तो कुणी वापरला नव्हता, इतकंच. मी संगणकावर तिची नोंद उघडली आणि तिला खुर्ची ओढून दिली. या वेळी ती बसली.

निष्काळजीपणा आम्ही कसा ओळखतो हे मी तिला समजावून सांगितलं. साठ वाक्यांपैकी बारा वाक्यं दोनदा येतात, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटाकडे. काही मुलं कंटाळतात आणि न वाचताच बटणं दाबत सुटतात. तसं झालं की दोन्ही वेळची उत्तरं जुळत नाहीत. बारापैकी पाचहून जास्त जोड्या जुळल्या नाहीत, तर नोंद बाद. हा नियम अभ्यास सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेला आहे, कारण आकडे हातात आल्यावर नियम करणारा माणूस स्वतःला हवं ते काहीही सिद्ध करू शकतो. हे सगळं मी तिला सांगितलं आणि त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे.

"माझ्या किती जुळल्या नाहीत?"

"सात."

"कुठल्या?"

मी वाचत गेले. "वाक्य नऊ, मला माझं हसणं आवडतं. तू 'हो' लिहिलंस. तेच वाक्य अठ्ठेचाळिसाव्या जागी, 'नाही'."

"दोन्ही बरोबर."

"दोन्ही कशी बरोबर असतील?"

"मधे ते पान होतं ना," ती म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुलांना माझ्याबद्दल काय वाटतं, ते. त्याच्या आधी मी एकटी होते. मला आवडतं माझं हसणं. हसून झालं की शेवटी एक शिट्टीसारखा आवाज येतो, आपोआप. लहानपणी सगळे म्हणायचे, पुन्हा कर, पुन्हा कर. मग ते पान आलं. आणि मला आठवलं की वर्गात मला शिट्टी म्हणतात. मी हसले की मागच्या बाकावरून कुकरसारखी मोजतात. एक झाली, दोन झाल्या, तिसरीला गॅस बंद करा." ती पडद्याकडेच पाहत होती. "मग लगेच तुम्ही पुन्हा विचारलंत, तुला तुझं हसणं आवडतं का. मला खरंच नाही आवडलं. त्या वेळी नाही आवडलं."

मी पुढचं वाचलं. "मी धाडसी आहे. आधी 'नाही', नंतर 'हो'."

"ते उलटं झालं. मला नाही वाटत मी धाडसी आहे. मला पालीची भीती वाटते, दाढ काढायची वाटते. पण मी सायकलींच्या शेडवर चढून बॉल काढला होता, तेव्हापासून मुलींना वाटतं मी कशालाच घाबरत नाही. ते पान भरताना ते आठवलं. मग वाटलं, असेनही. त्या सगळ्या काय मूर्ख आहेत?"

"मी विसराळू आहे. आधी 'नाही'..."

"नंतर 'हो'. घरच्यांना काय वाटतं ते पान झाल्यावर. पुढचं विचारूच नका, कळलंच असेल."

सातही जोड्या झाल्या. एकीलाही ती अडखळली नाही. एका जोडीबद्दल तिने सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण तिने तसं बजावलं होतं. मग मी नोंदीतली उत्तरांची वेळ उघडली. टॅब प्रत्येक उत्तराला किती सेकंद लागले ते मोजत असतो. न वाचता दाबणारी मुलं एकेका सेकंदात उडवतात. एकसष्टने हसण्याच्या दुसऱ्या प्रश्नावर चौदा सेकंद घेतले होते. धाडसाच्या दुसऱ्या प्रश्नावर अकरा. तिच्या साठ उत्तरांत सर्वांत सावकाश दिलेली उत्तरं नेमकी तीच होती, जी मी निष्काळजी ठरवली होती.

हे सेकंद मी दोन महिन्यांपूर्वीही पाहिले होते. नोंद तपासताना तो रकाना शेजारीच असतो. मला तेव्हा किंचित विचित्र वाटलं, आणि मी पुढच्या नोंदीकडे गेले. नियम सेकंदांबद्दल काही सांगत नव्हता आणि त्या दिवशी मला तीस नोंदी संपवायच्या होत्या.

मोठ्या माणसाला तू कसा आहेस असं विचारलं, तर तो बहुधा आधीपासून तयार असलेलं उत्तर काढून देतो. तेराव्या वर्षी ते उत्तर अजून घडत असतं, आणि ते घडवताना इतरांच्या मनात काय आहे हे ओळखणारे मेंदूचे भागही सोबत राबत असतात. यावर मी भाषणं दिली आहेत, तक्ते दाखवून. ते दिसावं म्हणून आम्ही मुलांना यंत्रात झोपवतो. आणि ते एका मुलीने सात वेळा, सेकंदांसकट, माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मी त्यावर काट मारली होती.

"आणखी एक," एकसष्ट म्हणाली. तिने पडद्यावर प्रश्नावलीच्या माथ्याशी बोट ठेवलं. "हे वाचा."

तिथे आमची सूचना होती. 'चूक किंवा बरोबर असं काही नाही. या क्षणी तुला जे वाटतं तेच लिही.'

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी पुन्हा म्हणाले.

"या क्षणी," ती म्हणाली. "मी तेच केलं. तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं आणि तुम्ही मला निष्काळजी म्हणालात. आता सांगा, निष्काळजी कोण?"

याच वेळी आमच्या मॅडम आत आल्या. त्या या अभ्यासाच्या प्रमुख. वीस वर्षं या विषयात घालवलेली बाई, कडक आणि सरळ. त्यांनी कधी आकडा वाकवलेला मी पाहिला नाही. शाळेचा गणवेश पाहून त्या थबकल्या. मी थोडक्यात सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग एकसष्टकडे वळून छानपैकी हसल्या.

"तुला तुझं छायाचित्र हवंय ना? त्यात काही अडचण नाही. यंत्रातलं काम तू उत्तम केलंस. मी आत्ता काढून देते."

"मी फोटोसाठी नाही आले."

"मग?"

"तुमचं पत्र खोटं आहे. ते दुरुस्त करून हवंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तिचं बरोबर आहे, मॅडम. नोंद वगळली ते ठीक. कारण चुकीचं लिहिलंय."

"कारणं तीनच आहेत," मॅडम म्हणाल्या. "यंत्र बिघडलं, मूल हललं, किंवा प्रश्नावली निष्काळजीपणे भरली. यातलं पहिलं नाही, दुसरं नाही."

"म्हणून मी तिसरं निवडलं. पण तिसरंही नाही."

"अगं, तोच प्रश्न, तीच मुलगी, त्याच दिवशी, पाच मिनिटांच्या अंतराने. हो आणि नाही. ही दोन्ही उत्तरं विश्वासार्ह धरायची?"

"विश्वासार्ह म्हणजे?" एकसष्टने विचारलं.

"म्हणजे पुन्हा मोजलं तरी तेच येईल असं."

"पुन्हा मोजलंत तर तिसरंच येईल. तेही खरंच असेल."

"पाहिलंस?" मॅडम मला म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "असल्या उत्तरांचं मी काय करू?"

"तुम्ही काहीही करू नका," एकसष्ट म्हणाली. तिने दप्तरातून दुसरा कागद काढला. चार घड्या पडलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग. तो आमचा संमतिपत्राचा कागद होता, पालकांकडे राहणारी प्रत. सकाळी घरून शाळेला निघतानाच ती तो घेऊन निघाली होती. "इथे लिहिलंय. मुलाला किंवा मुलीला केव्हाही, कारण न सांगता, अभ्यासातून बाहेर पडता येईल. आणि मागितलं तर आधीची माहितीही काढून टाकली जाईल. मला बाहेर पडायचं असेल तर कारण विचारणार नाही, आणि तुम्ही मला बाहेर काढताना मात्र कारण लिहिणार, आणि तेही मनाला येईल ते. एक तर पत्र बदला, नाहीतर माझी चारही वर्षं परत द्या."

चार वर्षं सलग आलेली मुलं आमच्याकडे एकशे वीसपैकी त्र्याण्णव उरली होती. एकेक मूल गेलं की आलेखाची एक आख्खी रेघ जाते. हे मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं. एकसष्टला ते माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की दोन मोठ्या बायका गप्प झाल्यात.

"हे तुला कुणी शिकवलं?" मॅडमनी तिला विचारलं, पण पाहिलं माझ्याकडे.

"कागदावर आहे," मी म्हणाले. "तिने वाचलं."

"निष्काळजी मुलं वाचत नाहीत म्हणे," एकसष्ट पुटपुटली.

"यासाठी पालकांची सही लागेल," मॅडम म्हणाल्या.

"लागेल ना," दारातून आवाज आला. "पण आधी मला कळू तरी द्या, मी कशावर सही करतेय."

तिची आई आली होती. अंगात कामाचा निळा डगला, कमरेला चाव्यांचा जुडगा, हाताला ग्रीस. तिने आधी मुलीला नखशिखांत पाहून घेतलं, धड आहे ना ते. मग सुरू झाली.

"फोन नाही, चिठ्ठी नाही! शाळेतून सरळ इथे? दोन बस बदलून? मी दोन मजल्यांच्या मधे लटकतेय आणि तिकडून फोन येतो, तुमची मुलगी आमच्याकडे आहे. हृदय बंद पडायचं राहिलं माझं. आणि वर या लोकांशी हुज्जत? लाज आहे का काही?"

"तू माझं ऐकत नव्हतीस. मग कुणाला सांगू?"

"काय ऐकायचं त्यात? लिहिलंय ते दिसतंय ना!"

"तू यांचं वाचलंस. माझं विचारलंस का एकदा तरी?"

मी आईला खुर्ची दिली. डगल्याने खुर्ची खराब होईल म्हणून ती बसली नाही. मॅडमनी तिला समजावून सांगितलं, नेमक्या शब्दांत आणि न्यायाने. बारा जोड्या, सात जुळल्या नाहीत, नियम आधीच ठरलेला. "तुमच्या मुलीच्या हुशारीबद्दल शंकाच नाही," त्या म्हणाल्या. "पण एकच गोष्ट दोनदा मोजली आणि दोन वेगळे आकडे आले, तर मोजमापात कुठेतरी गडबड आहे, एवढंच आम्ही म्हणतो."

आई ग्रीसचा हात डगल्याला पुसत होती, पुसून काही निघत नव्हतं.

"दुसऱ्यांदा विचारलं त्याच्या आधी काय विचारलं होतं?" तिने विचारलं.

"वर्गातल्या मुलांना तिच्याबद्दल काय वाटतं, ते," मी म्हणाले. "आणि घरच्यांना काय वाटतं."

"आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या आधी?"

"काही नाही. ती सुरुवातच होती."

"मग मॅडम, गडबड कसली?" आई म्हणाली. "रिकामी लिफ्ट मजल्याला बरोबर लागते. तीच आठ माणसं घेऊन आली की दोन बोटं खाली थांबते. मी दोन्ही आकडे लिहिते. आणि आकड्यासमोर लिहिते, आत माणसं किती होती. ते न लिहिता नुसते दोन आकडे दिले तर आमचा साहेब लिफ्टला नाही शिव्या देत. मला देतो."

एकसष्ट तोंड वासून आईकडे पाहत होती. आईच्या ते लक्षात आलं. "माझ्याकडे काय बघतेस? तुझा हिशेब घरी गेल्यावर. दोन बस बदलून येते म्हणजे काय!" मग जरा खालच्या आवाजात तिने विचारलं, "खरंच बाहेर पडायचंय का तुला यातून?"

"नाही," एकसष्ट म्हणाली. "मला यायचंय. मला इथे यायला आवडतं. पण खोटं नाव लावून घेऊन नाही येणार."

"मग कागद आणा," आई मॅडमना म्हणाली. "ती म्हणेल तिथे मी सही करते."

आता मला बोलायला हवं होतं. खरं तर ते दोन महिन्यांपूर्वीच बोलायला हवं होतं.

"मॅडम, त्या नोंदीवरचं 'निष्काळजी' मी काढते आहे," मी म्हणाले. "ते मी लिहिलं होतं आणि ते चूक होतं. नोंद वगळलेलीच राहील, नियम मोडायचा नाही. पण कारणाच्या रकान्यात चौथं कारण लागेल."

"चौथं कारण घालायचं म्हणजे अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला पत्र. म्हणजे या कारणाने वगळलेल्या सगळ्या मुलांच्या नोंदी पुन्हा उघडायच्या. किती आहेत?"

"चौदा."

"त्यातली निम्मी खरंच पेंगत होती."

"असतील. सेकंदांवरून कळेल. ज्यांनी उडवलं त्यांचं तसंच राहील. बाकीच्यांना मी नवी पत्रं पाठवीन."

"तुझा शोधनिबंध दोन महिने लांबेल."

"लांबू दे."

मॅडमसमोर मी असं पहिल्यांदाच बोलत होते. "आणि मी हे केलं नाही," मी म्हणाले, "तर वगळलेल्या नोंदींच्या तक्त्याखाली माझी सही मिळणार नाही. तो खोटा आहे हे आता मला माहीत आहे."

त्या खिडकीपाशी गेल्या. खाली वाहनतळात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिप् पिप् बराच वेळ चालली. मग त्या माझ्या खुर्चीत येऊन बसल्या आणि संगणक स्वतःकडे ओढला.

"काय लिहू?" त्यांनी एकसष्टला विचारलं.

"मी कशाला सांगू? तुम्ही काय पाहिलंत ते लिहा."

मॅडम टाइप करू लागल्या. एकसष्ट त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली, इतकी जवळ की एरवी त्यांनी तिला मागे सारलं असतं. "'या वयातल्या गोंधळामुळे' काढा," ती म्हणाली. "माझा गोंधळ नव्हता झाला." मॅडमनी ते काढलं. "'आमच्या नियमात बसत नाही' याच्याऐवजी लिहा, आमचा नियम अपुरा आहे."

"ते मी लिहिणार नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून ते सिद्ध झालेलं नाही."

एकसष्टने विचार केला. "ठीक आहे. पण 'आमच्या' राहू दे. नुसतं नियमात लिहू नका. नियम आभाळातून नाही पडला."

"'आमच्या' राहील."

प्रिंटर घुरघुरला. मॅडमनी सही केली, मी केली, शिक्का उमटवला. एकसष्टने कागद हातात घेऊन आधी स्वतः वाचला, ओठ न हलवता, शेवटपर्यंत. मग तो आईपुढे धरला. आईने हात पुसून दोन बोटांनी तो घेतला आणि घडी घालून खिशात ठेवायला लागली.

"इथेच वाच," एकसष्ट म्हणाली.

"घरी वाचते ना."

"नाही. इथे. मोठ्याने."

आईने आमच्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणीच तिच्या मदतीला आलं नाही. मग तिने घडी उलगडली, कागद जरा लांब धरला, आणि तपासणीचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात वाचायला लागली. "आपल्या मुलीने या वर्षीची प्रश्नावली लक्षपूर्वक भरली आहे." इथे ती थांबली. "दोनदा विचारलेल्या सात प्रश्नांना तिने... विचार करून... वेगवेगळी उत्तरं दिली." तिचा आवाज आता तितका सपाट राहिला नव्हता.

एकसष्टने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. हात पाठीमागे बांधून, हनुवटी वर करून ती मॅडमसमोर उभी होती.

"पुढे वाच," ती आईला म्हणाली.